पाखाडी

पाखाडी : कोकणात खालच्या वाडीतून डोंगराच्या माथ्यावर, म्हणजे सड्यावर, चढत जाणारी दगडी पायऱ्यांची पायवाट. रत्नागिरी जिल्ह्यात हा शब्द सर्रास चालतो. चढ लांब आणि खडा असला की त्याच वाटेला ‘घाटी’ म्हणतात. काही गावांत वाटेच्या कडेने वसलेल्या वाडीलाच पाखाडी हे नाव पडले आहे. वर गेल्यावर समुद्र आणि खाडी दिसते म्हणून हल्ली पाहुणे पाखाडी चढतात. वाट मात्र त्यासाठी बांधलेली नाही. घर खाली आगरात (नारळ-सुपारीच्या बागेत) आणि गुरांचे रान, गवत, एस.टी.चा थांबा सड्यावर, अशी गावाची रचना असल्याने डोक्यावर भारा घेतलेल्या माणसाला चढता-उतरता यावे एवढाच तिचा हेतू. म्हणूनच ती सोपी आहे. ओझेवाल्याला न झेपणारा चढ तिने शक्य तिथे वळण घेऊन टाळलेला असतो.

किनाऱ्यालगतचे सडे साधारण ५० ते १५० मीटर उंचीचे. १०० मीटरचा चढ १५ सेंटिमीटरच्या पायऱ्यांनीच चढायचा म्हटले तर साडेसहाशेहून अधिक पायऱ्या लागतील. प्रत्यक्षात इतक्या क्वचितच असतात, कारण मधले बरेच अंतर नुसत्या उताराच्या मातीने किंवा उघड्या कातळावरून कापले जाते. असा चढ रमतगमत अर्ध्या तासाचा. लहान मुले बरोबर असतील तर पाऊण तास धरावा. अलिबागजवळचे कनकेश्वराचे डोंगरावरचे देवस्थान या मानाने मोठे : तिथे सातशेच्या वर पायऱ्या आहेत आणि नागोबाचा टप्पा, देवाची पायरी, गायमांडी अशी दम खाण्याची ठिकाणे नावानिशी ठरलेली आहेत. दापोली तालुक्यात आसूदच्या केशवराजाच्या देवळाला जाताना आधी सुपारीच्या बागांतून खाली उतरून ओढा ओलांडायचा आणि मग चढायचे. तिथे दूरचा देखावा नाही, पण दाट सावलीतली पाखाडी कशी असते ते पाहायला याहून चांगली जागा नाही.

बांधकामाचा दगड जांभा. खाणीतून काढताना तो मऊ असतो आणि हवा लागली की कडक होतो, म्हणून तासून त्याचे चिरे पाडता येतात. बाजारचा चिरा साधारण १४ इंच लांब, ९ इंच रुंद आणि ७ इंच जाड. पायरी बसवताना वरच्या चिऱ्याची पुढची कड खालच्या चिऱ्याच्या मागच्या कडेवर थोडी चढवतात आणि पायरीला बाहेरच्या अंगाला किंचित उतार देतात. हा उतार विसरला की पाणी पायरीवर साचते, पाण्यात पालापाचोळा कुजतो आणि तिथेच शेवाळ धरते. दुसरी चूक बाजूच्या चराची. पाखाडीच्या डोंगराकडच्या अंगाला पाणी वळवणारा चर नसेल किंवा बुजला असेल, तर पावसाळ्यात वाटेचाच पऱ्या (ओढा) होतो, चिऱ्यांखालची माती धुपते आणि दगड डुगडुगू लागतो. कडेचे गडगे (कुंपणाच्या भिंती) सुक्या दगडांचे, बिनचुन्याचे असतात. त्यांच्यावर हात टेकून तोल सावरू नये. वरचा दगड सुटतो, आणि खालच्या फटीत फुरसे (विषारी साप) असू शकते.

अलीकडे पाखाड्यांवर सिमेंट ओतण्याची टूम निघाली आहे. दुचाकी न्यायला ते बरे. चालणाऱ्याच्या दृष्टीने हा बिघाडच. जांभ्याचा पृष्ठभाग खडबडीत, पायाला पकड देतो. गुळगुळीत घोटलेल्या सिमेंटच्या उतारावर पहिल्याच पावसानंतर हिरवा थर येतो आणि मग काठी टेकूनही उपयोग होत नाही.

वाटेचे टप्पे बहुतेक ठिकाणी सारखेच. तळाशी नारळ-सुपारीचे आगर, मग घरे आणि परसातले फणस-रातांबे, त्यावर आंब्याच्या कलमांची बाग, नंतर ऐन, किंजळ, कुंभा, खैर आणि करवंदीच्या जाळ्यांचे रान, आणि शेवटी एकाएकी मोकळा कातळ. कलमांच्या पट्ट्यात मार्च ते मेपर्यंत राखणदार असतो; वाट वहिवाटीची असली तरी त्याला हाक देऊन जावे. (कोकणात राखणदार दोन प्रकारचे. दुसऱ्यालाही, म्हणजे जागा राखणाऱ्या देवालाही, लोक हाक देतात, पण तो कुत्रा सोडत नाही.) रानाच्या पट्ट्यात देवरहाटी (देवाच्या नावाने राखलेले रान) लागली तर काटकीही मोडू नये. हिवाळ्यात भाजावळीसाठी (भाताची जमीन भाजण्यासाठी) कवळ म्हणजे डहाळ्या तोडलेली झाडे उघडीबोडकी दिसतात, तेव्हा तेवढ्या टप्प्यात सावली मिळत नाही. खाजकुयलीच्या शेंगाही याच दिवसांत पिकतात. तिची तपकिरी लव वाऱ्यावर उडून अंगावर बसते, म्हणून वेल वाटेवर लोंबत असेल तर हाताने बाजूला सारू नये. लव लागलीच तर चोळू नये. आधी चिकटपट्टीने किंवा ओल्या मातीचा लेप वाळवून ती उपटून काढावी, मग धुवावे. फांद्यांवर पाने शिवून केलेली घरटी दिसली तर ती ओंबिलांची, म्हणजे चावऱ्या लाल मुंग्यांची. त्या फांदीला धक्का लागू देऊ नये.

सड्यावर पोचल्यावर नवखा माणूस हमखास फसतो. सडा सपाट असतो, त्यामुळे मधे उभे राहून समुद्राची एक निळी रेघ तेवढी दिसते. पुळण (किनाऱ्याची वाळू), आगरांचा हिरवा पट्टा, खाडीचे मुख, आत शिरणाऱ्या होड्या हे सारे बघायचे तर सड्याच्या कडेला जावे लागते. कडेकडे जाताना मात्र पायाखाली बघावे. सप्टेंबर-ऑक्टोबरात गुडघाभर गवत कातळातले खळगे झाकून टाकते. त्याहून धोक्याच्या जुन्या चिरेखाणी : उभ्या तासलेल्या भिंती, तळाशी पाणी आणि काठाला कुंपण नाही. अंधारात सड्यावर आडवे-तिडवे न फिरण्याचे खरे कारण हेच.

परतताना पाखाडीचे तोंड सापडत नाही, ही नेहमीची तक्रार. वरून सगळी झाडी सारखी दिसते आणि गुरांच्या पाऊलवाटा दहा ठिकाणी फुटतात. वर पाय ठेवताच मागे वळून एखादी खूण धरून ठेवावी : वड, पार, घुमटी, विजेचा खांब. सूर्यास्त डिसेंबरात सहाच्या आणि मेमध्ये सातच्या सुमारास होतो. नंतरचा संधिप्रकाश सड्यावर वीसेक मिनिटे पुरतो, रानात त्याच्या निम्माही नाही. सूर्यास्त पाहायचा तर विजेरी हवीच.

हवा सर्वांत स्वच्छ असते ती पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात. पण तेव्हा ऊनही भाजते. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत सकाळी मतलई वाऱ्याने गारवा असतो, मात्र खाडीवर धुके बसल्याने नऊच्या आधी फारसे दिसत नाही. मेमध्ये दुपारचा खारा वारा सुखावतो, क्षितिज मात्र पुसट असते. माणशी लिटरभर पाणी न्यावे, वर पाण्याची सोय नसते. वळवाच्या ढगांचा गडगडाट ऐकू आला की देखावा सोडून उतरावे. सपाट कातळावर माणूसच सर्वांत उंच ठरतो, आणि एकट्या झाडाखाली उभे राहणे त्याहून वाईट.

पावसाळ्यात जाणे टाळावे असे सरसकट सांगतात. ते अर्धेच खरे. कातळावर दीपकाडी फुलते ती पहिल्या पावसानंतर, आणि पुढे ऑगस्ट-सप्टेंबरात गेंद, सीतेची आसवे, किडे खाणारी दवबिंदू यांचे गालिचे पसरतात, ते नंतर पाहायला मिळत नाहीत. गालिच्यांवरून न चालता उघड्या दगडावरून पाय टाकावा. कातळशिल्पेही अशाच सड्यांवर आहेत (उक्षी, देवीहसोळ, कशेळी). कोकणातली ही शिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. त्यांच्यावर पाय देऊ नये. पावसात उतरताना पाऊल आडवे टाकावे, पायरीचा झिजून खोलगट झालेला मधला भाग सोडून कडेचा भाग धरावा आणि झिजलेल्या तळव्याची रबरी चप्पल घालू नये. गावकरी अशा वेळी अनवाणी उतरतात, ते उगाच नाही.

फुरसे ही दगडाळ सड्यावरची खरी भीती. ते लहान असते, रंगाने जांभ्यासारखेच, आणि दगडाखाली बसते. दगड उलथू नये, बसण्याआधी काठीने आपटून पाहावे. चावल्यास जखमेला चीर देणे, चोखणे, आवळून बांधणे यांपैकी काहीही करू नये. अवयव हलवू न देता माणसाला उचलून खाली आणावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

पाखाडीची निगा गावच राखतो. गणपतीला चाकरमानी यायच्या आत दोन्ही बाजूंचे गवत बेणून वाट मोकळी करतात. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी ज्या वाटेने फिरते ती वळणावरही रुंद असते आणि तिचे निसटलेले चिरे वेळेवर बसतात. गावात दोन-तीन पाखाड्या असतील तर पालखी कोणत्या वाटेने वर जाते ते विचारून तीच धरावी.