हिरव्या रानाखालचे हिमनग

जुन्या चित्राखाली दुसरं चित्र सापडलं, की 'चित्रकाराला काय लपवायचं होतं?' असले मथळे झळकतात. लपवायचं बहुधा काहीच नसतं. कॅनव्हास वाया घालवणं परवडत नाही, लांबच्या समुद्रसफरीत तर नाहीच.

विल्यम हॉजेस (१७४४–१७९७) हा लंडनच्या लोहाराचा मुलगा. कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीवर (१७७२–७५) ब्रिटिश आरमाराने त्याला चित्रकार म्हणून नेमलं. १७ जानेवारी १७७३ रोजी त्यांच्या 'रेझोल्यूशन' जहाजाने अंटार्क्टिक वृत्त ओलांडलं. मार्चअखेर ते न्यूझीलंडच्या डस्की साउंड या खाडीत शिरलं. तिथल्या पिकर्सगिल हार्बरचं हॉजेसचं तैलचित्र ग्रिनिचच्या संग्रहालयात आहे: गर्द रान, काठाला लागलेलं जहाज आणि उतरायला आडवं झाड. २००४ साली त्याच्या क्ष-किरण तपासणीत रानाखाली चक्क हिमनग दिसले!

ही सगळी शिशाची करामत. त्या काळी तैलरंगातला पांढरा म्हणजे शिशाचा सफेदा. मऊ, म्हणजे कमी ऊर्जेचा, क्ष-किरण अणूवर आदळला, की आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उडवून लावण्यात आपली सारी ऊर्जा खर्च करतो आणि तिथेच संपतो. अणुक्रमांक जितका मोठा, तितकी ही शक्यता जास्त. आणि ती सरळ पटीत नाही, तर वजनास वजन धरलं तरी साधारण घनाच्या पटीत वाढते. कार्बनचा क्रमांक ६, लोखंडाचा २६, शिशाचा ८२. म्हणून मुख्यतः कार्बनसारख्या हलक्या अणूंचं कापड आणि तेल किरणांना जवळजवळ अडवतच नाहीत, लोहयुक्त मातकट रंग थोडे अडवतात, सफेदा मात्र वाटच रोखतो. हिमनग सफेद्याचे, वरचं रान गडद रंगांचं. फिल्मवर रान विरलं आणि बर्फ उजळला.

पण क्ष-किरणांना रंग कळत नाही. सगळे थर एकावर एक पडलेली ती करडी सावली असते. तिच्यावरून कुणी 'मूळ रंगांतलं' अंटार्क्टिका दाखवू लागला, तर ते रंग त्याच्या मनातले समजावेत. अंटार्क्टिका तरी कसली? कुकच्या माणसांना खंडाचा किनारा दिसलाच नव्हता, दिसलं ते तरंगतं बर्फ.

पुढे १७८०मध्ये हॉजेस भारतात आला आणि वॉरन हेस्टिंग्जच्या आश्रयाने ग्वाल्हेर, आग्र्यापर्यंत चित्रं काढत फिरला. त्या चित्रांखाली काय आहे, हे बघायला मला फार आवडेल.