योनीमार्गाचा स्वॅब (काडीवर घेतलेला नमुना) द्यायला येण्याआधी एवढं वाचून घ्या

"रिपोर्टमध्ये काहीच निघालं नाही, मग खाज कशाची?" हा प्रश्न आमच्या लॅबच्या काउंटरवर नेहमीचा. खोदून विचारलं की कळतं, आदल्याच रात्री योनीमार्गात गोळी ठेवलेली असते, नाहीतर मेडिकलमधून फ्लुकोनाझोल १५० ही बुरशीवरची गोळी आणून घेतलेली असते. औषधाने दबलेली बुरशी कल्चरच्या, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून बघायच्या, प्लेटवर वाढत नाही. रिपोर्ट कोरा येतो, पैसे जातात आणि महिन्याभरात अंगावरून पांढरं जाणं पुन्हा सुरू.

म्हणून स्वॅबआधी आम्ही विचारतो, गेल्या पंधरा दिवसांत काय काय घेतलंत? गोळी, क्रीम, काहीही. घेतलं असेल तर औषध संपल्यावर साधारण दोन आठवड्यांनी बोलावतो. काहींना राग येतो. पण कोऱ्या रिपोर्टचे पैसे घ्यायला आम्हालाच बरं वाटत नाही. मात्र डॉक्टरांनी दिलेलं औषध तपासणीसाठी मनाने बंद करू नका. ओटीपोटात दुखत असेल, ताप असेल किंवा दिवस गेले असतील तर आमच्यासाठी थांबू नका, आधी डॉक्टरांकडे जा.

शेजारणीला लागू पडलेली गोळी तुम्हाला पडेलच असं नाही. दह्यासारखं घट्ट जातंय आणि खाज आहे, तर बहुधा बुरशी. पातळ, करडं, माशासारखा वास असेल तर आतल्या जंतूंचा तोल बिघडलेला असू शकतो, आणि त्यावर बुरशीची गोळी काही करत नाही. ट्रायकोमोनास हा संबंधांतून पसरणारा जंतू निघाला तर नवऱ्यालाही औषध लागतं. इथेच बहुतेक घरांत गाडी अडते. नुसतं बघून खात्री होत नाही, हेही खरं. वर्षात तीनदा बुरशी झाली असेल तर कल्चर कराच, कारण कँडिडा ग्लाब्राटासारखी बुरशीची जात नेहमीच्या गोळीला सहसा दाद देत नाही. त्याच फेरीत शुगरही बघून घ्या. वाढलेल्या साखरेवर बुरशी पोसते. रक्त आमच्याकडेच देता येतं.

ट्रायकोमोनास सूक्ष्मदर्शकाखाली ताज्या स्लाइडवर हलताना दिसला तर आम्ही ओळखतो, उशीर झाला की तो निपचित पडतो. म्हणून या तपासणीला होम कलेक्शन नाही. स्लाइडचा रिपोर्ट त्याच दिवशी मिळतो, कल्चरला दोन-तीन दिवस लागतात.

पाळी संपल्यावर या, आदल्या दिवसापासून आतून धुऊ नका. स्वॅब आमच्या ताईच घेतात. रिपोर्ट बंद पाकिटात, तुमच्याच हातात. सासूबाई आल्या तरी देत नाही. घेतलेल्या गोळ्यांची नावं आठवत नसतील तर रिकाम्या स्ट्रिप्स पिशवीत टाकून आणा.