वायफाय डायरेक्टमधील बॅटरीबचत

राउटर किंवा टॉवर मध्ये न घेता दोन फोन वायफायने थेट जोडले जातात (हेच वायफाय डायरेक्ट), तेव्हा बॅटरी कमी खर्च व्हावी म्हणून पाळायची शिस्त. वायफाय अलायन्स या कंपन्यांच्या संघटनेने या जोडणीचे प्रमाणीकरण ऑक्टोबर २०१० मध्ये सुरू केले. अँड्रॉइडमध्ये ती २०११ साली ४.० आवृत्तीत आली.

बॅटरी पाठवण्यापेक्षा ताटकळण्यात जास्त जाते. समोरून काही येत नसले तरी कान टवकारून बसलेला रेडिओ जवळपास माहिती घेतानाइतकीच वीज खातो. म्हणून झोपायचे कधी, हे आधी ठरवून घ्यावे लागते.

गटातला एक फोन ‘मालक’ होऊन राउटरचे काम करतो. भिंतीतल्या प्लगवर चालणाऱ्या राउटरला झोपेची गरज नसते. हा मालक मात्र स्वतःच बॅटरीवर. त्याला दोन सवलती आहेत. पहिली संधिसाधू: सगळे सदस्य झोपले की तोही ठरावीक क्षण जागून पुढच्या बीकनपर्यंत, म्हणजे ‘मी इथे आहे’ असे सांगणाऱ्या ठरावीक संदेशापर्यंत (सहसा दर १०२.४ मिलिसेकंदांनी), झोपतो. दुसरी म्हणजे गैरहजेरीची आगाऊ सूचना: कधीपासून, किती वेळ, दर किती अंतराने आणि किती वेळा. तेवढा वेळ सदस्य त्याला काही पाठवत नाहीत. फाइल पाठवताना हा विलंब कळतही नाही, व्हिडिओ थेट दाखवताना मात्र खटकतो.

जोडायचा फोन शोधणेही महागच: फोन १, ६ आणि ११ या वायफाय चॅनलवर आळीपाळीने हाका मारतो. म्हणून क्विक शेअरसारखी (अँड्रॉइडवर फाइल पाठवण्याची) सोय जवळचा फोन आधी ब्लूटूथवर हुडकते.

मराठवाड्यात हा विषय ऊसतोड मजुरांच्या कोपीत (झोपडीत) नीट कळतो. बीड, धाराशिव, जालन्याकडच्या टोळ्या हंगामात पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. कोपीत लाईट असेलच असे नाही. गाणी, पिक्चर नेट न खर्चता एका फोनवरून दुसऱ्यावर जातात. त्यासाठीची शेअरइट, झेंडर ही ॲप सरकारने २९ जून २०२० रोजी बंद केली, पण गरज तशीच राहिली. अशा जोडणीत गटाचा मालक कोण, हे प्रत्येक फोन सांगतो त्या ० ते १५ मधल्या आकड्यावर ठरते. मोठा आकडा सांगणारा मालक. दोघेही १५ वर अडले तर बोलणी फिसकटतात. ज्याची चार्जिंग जास्त त्याने मोठा आकडा सांगावा, हे उघड आहे. हा आकडा ॲप ठरवते, आणि फोन ज्याच्या हातात आहे त्याला तो सहसा दिसतच नाही.