गोल्फ म्हणजे 'लेडीज फॉरबिडन'? नाही हो

महिला गोल्फ चॅम्पियनचा विषय निघाला की हा फॉरवर्ड येतोच, की गोल्फ हा शब्द 'जंटलमेन ओन्ली, लेडीज फॉरबिडन' (फक्त पुरुष, बायकांना मनाई) याचा शॉर्टफॉर्म आहे. खरं वाटतं, कारण काही क्लबांनी बायकांना खरंच वर्षानुवर्षं बाहेर ठेवलं होतं. पण शब्दाचा त्याच्याशी संबंध नाही.

1457 च्या स्कॉटलंडच्या एका कायद्यात हा शब्द आहे, लोक तिरंदाजीचा सराव सोडून फुटबॉल आणि गोल्फ खेळतात म्हणून दोन्हींवर बंदी घातली होती (बंदी सगळ्यांनाच बरं का!). आणि आद्याक्षरं जोडून शब्द बनवायची पद्धत मुख्यतः विसाव्या शतकातली. शिवाय जुन्या कागदांत स्पेलिंग कधी 'गॉफ' कधी 'गाउफ', दोन्हींत एल गायब, एकात तर डब्ल्यू हजर, मग लेडीजचा एल गेला कुठे? डच 'कोल्फ' म्हणजे दांडू, त्याच्याशी नातं असावं असं बहुतेक कोशकार म्हणतात.

चेक करायचं तर व्युत्पत्ती देणारा कुठलाही चांगला इंग्रजी शब्दकोश उघडा. आणि बायकांचं म्हणाल तर ब्रिटनमध्ये त्यांची चॅम्पियनशिप 1893 पासून, अमेरिकेत प्रोफेशनल टूर 1950 पासून चालूच आहे.