कंट्रोलरचं काम गेलं, नाव राहिलं

'एमव्हीसी (मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर) म्हणजे काय?' हा प्रश्न प्रोग्रॅमरच्या मुलाखतीत हमखास येतो. प्रोग्रॅमचे तीन भाग पाडायची ही पद्धत. मॉडेल म्हणजे डेटा, व्ह्यू म्हणजे स्क्रीन आणि कंट्रोलर म्हणजे दोघांमधला मध्यस्थ, असं ठरलेलं उत्तर दिलं की भागतं. गंमत अशी की मूळ आराखड्यात हा मध्यस्थ नव्हताच.

ट्रिग्वे रीन्सकाउग हे नॉर्वेचे संगणकशास्त्रज्ञ. जहाजबांधणीच्या कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करण्यात त्यांची बरीच वर्षं गेली होती. अशा कामाच्या वेळापत्रकात असंख्य कामं एकमेकांत गुंतलेली असतात. कुणाला ते जाळ्याच्या रूपात बघायचं असतं, कुणाला आडव्या पट्ट्यांच्या, तर कुणाला फक्त आपल्या विभागावर किती भार आहे एवढंच. वेळापत्रक एकच, चेहरे अनेक. १९७८-७९ मध्ये ते पाहुणे संशोधक म्हणून कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स पार्क प्रयोगशाळेत आले, तेव्हा हाच प्रश्न सोबत घेऊन आले. मे १९७९ च्या त्यांच्या टिपणात 'थिंग-मॉडेल-व्ह्यू-एडिटर' अशी चौकडी आहे. डिसेंबरात तिचं 'मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर' झालं. सगळ्यात अवघड गेलं ते नावं शोधणं, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. पार्कमधल्या संशोधक अडेल गोल्डबर्ग यांच्याशी बऱ्याच चर्चा झाल्यावर ही तीन नावं ठरली.

पुढे पार्कच्याच स्मॉलटॉक-८० या प्रोग्रॅमिंग भाषेत जे उतरलं, ते जवळून पाहण्यासारखं आहे. तिथे प्रत्येक व्ह्यूला स्वतःचा कंट्रोलर असे आणि तो एका लूपमध्ये फिरत राही: कर्सर माझ्या व्ह्यूच्या चौकटीत आहे का? आहे? मग ताबा माझा. माउस कुठे आहे, कुठलं बटण दाबलंय, कुठली की दाबली, हे सगळं तोच बघायचा. म्हणजे कंट्रोलर हा इनपुटचा माणूस, व्ह्यू आउटपुटचा. मॉडेलला या दोघांची ओळखही नसे. आपल्यावर अवलंबून असलेल्यांची एक यादी तेवढी त्याच्याकडे असे. काही बदललं की मॉडेल 'बदललो' एवढी हाक देई आणि यादीतला जो तो आपापलं चित्र नव्याने काढी.

ही हाक देण्याची युक्ती पुढे 'ऑब्झर्व्हर' म्हणून प्रसिद्ध झाली. गामा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडीस या चौघांनी १९९४ मध्ये डिझाइन पॅटर्नवरचं, म्हणजे प्रोग्रॅम रचण्याच्या नेहमी लागणाऱ्या युक्त्यांवरचं, पुस्तक काढलं. त्यातल्या २३ पॅटर्नमध्ये एमव्हीसी नाही! सुरुवातीला उदाहरण म्हणून घेऊन त्यांनी ते सुटं केलंय: मॉडेल आणि व्ह्यू यांच्यात ऑब्झर्व्हर, एकात एक बसणाऱ्या व्ह्यूंसाठी काँपोझिट, आणि व्ह्यूला हवा तो कंट्रोलर लावता यावा म्हणून स्ट्रॅटेजी. माझ्या मते एमव्हीसीची इतकी नेमकी चिरफाड नंतर फारशी झाली नाही.

तोवर पायाखालची जमीन मात्र सरकली होती. विंडो सिस्टिमबरोबर तयार बटणं, टेक्स्टबॉक्स, चेकबॉक्स आले आणि आपापलं इनपुट स्वतःच सांभाळू लागले. माउस कुठे आहे हे विचारत फिरणाऱ्या कंट्रोलरला कामच उरलं नाही. जावा भाषेतल्या स्विंग या स्क्रीन बनवायच्या संचात तर व्ह्यू आणि कंट्रोलर वेगळे ठेवणं जमेना म्हणून दोघांना सरळ एकत्र केलं गेलं. १९९१ च्या व्हिज्युअल बेसिकने आणखी सोपी वाट दाखवली: फॉर्मवर बटण ओढून ठेवा, त्यावर डबल-क्लिक करा, कोड लिहा. अशाच पद्धतीचा एक जुना बिलिंग प्रोग्रॅम मी दुरुस्त केलाय. 'जतन करा' बटणाच्या क्लिकमध्येच कराचा हिशेब, डेटाबेसची क्वेरी आणि चुकलेल्या रकान्याला लाल करणं, सगळं एका दमात. कर बरोबर निघतोय का हे तपासायचं, तर फॉर्म उघडून बटण दाबण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

पुढचे बरेच पॅटर्न याच अडचणीवर शोधलेले उपाय आहेत. टॅलिजंट कंपनीच्या माइक पोटेल यांनी १९९६ मध्ये एमव्हीपी (मॉडेल-व्ह्यू-प्रेझेंटर) मांडलं, त्यात कंट्रोलरच्या जागी प्रेझेंटर आला. सॉफ्टवेअर रचनेवर लिहिणारे मार्टिन फाउलर यांनी २००४ मध्ये 'प्रेझेंटेशन मॉडेल' (स्क्रीनची स्थिती आणि वागणं स्क्रीनबाहेर वेगळं ठेवायचं) आणि २००६ मध्ये 'पॅसिव्ह व्ह्यू' लिहून काढलं. पॅसिव्ह व्ह्यूत स्क्रीन इतकी निर्बुद्ध ठेवायची की तिच्यात तपासण्यासारखं काही उरूच नये. दरम्यान २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या जॉन गॉसमन यांनी डब्ल्यूपीएफ या विंडोजच्या स्क्रीन बनवायच्या फ्रेमवर्कच्या संदर्भात एमव्हीव्हीएम (मॉडेल-व्ह्यू-व्ह्यूमॉडेल) मांडलं. त्यातलं डेटा बाइंडिंग, म्हणजे डेटा बदलला की स्क्रीन आपोआप बदलणं, ही तीच जुनी हाक, फक्त आता ती फ्रेमवर्क देतो.

कंट्रोलर हे नाव मात्र मोकळं सुटलं आणि जो तो ते हवं तिथे चिकटवू लागला. वेब फ्रेमवर्कमध्ये तो सर्व्हरवर आलेली विनंती हाताळतो. ॲपलच्या जगात तो मॉडेल आणि व्ह्यू यांच्यामधला दुवा झाला. पाठ केलेल्या उत्तरातला मध्यस्थ बहुधा इथलाच. तिथे तो इतका फुगला की एमव्हीसी म्हणजे 'मॅसिव्ह (अवाढव्य) व्ह्यू कंट्रोलर' असा विनोदच रूढ झाला.

२०१४ मध्ये फेसबुकने फ्लक्स ही वेब ॲप रचायची आपली पद्धत जाहीर केली, तेव्हा एमव्हीसी म्हणून जी आकृती दाखवली तिच्यात मॉडेल आणि व्ह्यू यांच्यामध्ये दोन्ही दिशांच्या बाणांचं जाळं होतं. त्यावर उपाय काय, तर एकाच दिशेने वाहणारा डेटा. जुन्या मंडळींनी लगेच हरकत घेतली. स्मॉलटॉकमध्येही क्लिक कंट्रोलरकडे जाई, कंट्रोलर मॉडेल बदली, मॉडेल हाक देई आणि व्ह्यू नव्याने रंगे.