खांद्याची झीज मोजण्याचा इतिहास: खालच्या ऑस्टिओफाइटपासून ग्लेनॉइडच्या कोनापर्यंत

एकाच खांद्याच्या एक्स-रे अहवालात 'सॅमिल्सन मध्यम' आणि सीटी अहवालात 'वॉल्श बी२' असं लिहिलेलं सापडतं. आजार एकच, पण मोजलेल्या गोष्टी दोन. पहिल्या वर्गीकरणात नव्याने वाढलेलं हाड मोजतात, दुसऱ्यात झिजून गेलेलं.

पहिली पद्धत १९८३ची. सॅमिल्सन आणि प्रिएतो यांनी, खांदा निखळल्यानंतर सांध्याची झीज झालेले ७४ खांदे तपासले. समोरून काढलेल्या एक्स-रेत दंडाच्या हाडाच्या गोळ्याच्या किंवा ग्लेनॉइडच्या (हा गोळा ज्या वाटीत बसतो तिच्या) खालच्या कडेला वाढलेला ऑस्टिओफाइट, म्हणजे हाडाचा काटा, त्यांनी मोजला: ३ मिलिमीटरपेक्षा कमी म्हणजे सौम्य, ३ ते ७ म्हणजे मध्यम, ७ पेक्षा जास्त म्हणजे तीव्र. मोजायला सोपी असल्याने ही पद्धत निखळण्याचा इतिहास नसलेल्या प्राथमिक झिजेलाही सर्रास लावली गेली. अडचण अशी की हात आत किंवा बाहेर वळवला की तोच ऑस्टिओफाइट लहानमोठा दिसतो. शिवाय ग्लेनॉइडची वाटी मागच्या बाजूने किती खचली आहे, हे त्या आकड्यात कुठेच येत नाही.

शल्यचिकित्सकाला मात्र नेमकं तेच हवं असतं. कृत्रिम सांध्याचा ग्लेनॉइडचा भाग मागे झुकलेल्या हाडावर तसाच बसवला, तर गोळा मागे सरकत राहतो, भार कडेवर पडतो आणि तो भाग सैल होतो. झुकाव काढायला पुढची कड घासावी, तर साधारण १५ अंशांपुढे आधाराचं हाडच उरत नाही.

हा झुकाव मोजण्याची सीटीवरची रीत फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी १९९२मध्ये मांडली. आडव्या छेदावर ग्लेनॉइडच्या मध्यापासून फऱ्याच्या (खांद्यामागच्या चपट्या हाडाच्या) आतल्या टोकापर्यंत रेषा काढायची, तिला लंब टाकायचा आणि ग्लेनॉइडच्या पुढच्या-मागच्या कडा जोडणाऱ्या रेषेशी त्याचा कोन घ्यायचा. इथली नेहमीची चूक मोजण्याआधीच होते: स्कॅन फक्त सांध्यापुरता काढतात, फऱ्याची आतली कड चौकटीबाहेर राहते आणि रेषेचं दुसरं टोक अंदाजाने ठरवावं लागतं.

मग १९९९मध्ये लिओनच्या जील वॉल्श यांच्या गटाने प्राथमिक झीज असलेल्या ११३ खांद्यांचे सीटी पाहून ग्लेनॉइडचे आकार वेगळे केले. ए गटात गोळा मध्यावर, ५९ टक्के. बी गटात गोळा मागे सरकलेला, ३२ टक्के. त्यातल्या बी१मध्ये वाटी एकच, तर बी२मध्ये मूळ वाटीशेजारी दुसरा खोलगट भाग तयार झालेला. सी गटात झीज कितीही असो, मागचा झुकाव २५ अंशांहून जास्त, ९ टक्के. आमच्या मते या विषयातलं सर्वांत मोठं पाऊल हेच, कारण गोळा कुठे सरकला आणि हाड कोणत्या बाजूचं गेलं हे दोन्ही त्यात एकत्र आले.

पण दोन डॉक्टर एकाच सीटीला वेगळा गट देत, विशेषतः बी१ आणि बी२च्या सीमेवर. एक कारण छेदाच्या पातळीत होतं: आडवा पडलेला रुग्ण थोडा वळला, तरी फरा तिरका कापला जातो आणि कोन बदलतो. म्हणून २०१६च्या सुधारित वर्गीकरणात बर्सिक आणि सहकाऱ्यांनी त्रिमितीय सीटीचा आधार घेतला. त्यात बी३ आला: वाटी एकच, मागून झिजलेली, झुकाव किमान १५ अंश किंवा गोळ्याचा किमान ७० टक्के भाग मागे, किंवा दोन्ही. पुढे झुकलेल्या ग्लेनॉइडसाठी किंवा पुढे सरकलेल्या गोळ्यासाठी डी गट आला.

गोळा किती सरकला, हे कशाच्या संदर्भात मोजलं तेही बघावं लागतं. बी३मध्ये गोळा झिजलेल्या वाटीत नीट बसलेला असतो. ग्लेनॉइडच्या पृष्ठभागाशी मोजलं तर तो मध्यावर वाटतो, फऱ्याच्या अक्षाशी मोजलं तर स्पष्ट मागे. बी२मध्येही मूळ वाटी, नवी वाटी आणि दोन्हींच्या बाहेरच्या कडा जोडणारी रेषा असे तीन वेगळे कोन निघतात. नुसतं '२० अंश' एवढंच लिहिलेल्या अहवालावरून किती हाड घासायचं, हे ठरवता येत नाही.