क्लिफर्ड मिरांडा : तीनदा हंगामी

मराठी क्रीडापानाची एक जुनी रीत आहे. खेळतो तोवर खेळाडू ‘तो’ असतो. प्रशिक्षक झाला की त्याचे ‘ते’ होतात. गोव्याचा फुटबॉलपटू क्लिफर्ड मिरांडाचेही ‘ते’ झाले, पण हुद्द्याआधी ‘हंगामी’ लागलं. तेही तीन वेळा.

डावीकडून खेळणारे मिरांडा वाढले ते प्रशिक्षक आर्मांदो कुलासोंच्या धेंपो या गोव्याच्या क्लबात. समीर नाईक, महेश गवळी, क्लायमॅक्स लॉरेन्स, गोल करायला रँटी मार्टिन्स आणि बेटो! २००४-०५ ते २०११-१२ या काळात या संघाने देशाचं विजेतेपद पाच वेळा पटकावलं. प्रशिक्षकाच्या बाकावर गोंयकार, मैदानात अर्धेअधिक गोंयकार. कोलकात्याला हे पचणं जडच गेलं असणार.

हंगामीपणाची चव कुलासोंनीही चाखली होती. २०११ मध्ये प्रशिक्षक बॉब हॉटन गेल्यावर भारतीय संघ काही काळ त्यांच्याकडे आला. पाठोपाठ आले साळगावकर या गोव्याच्याच क्लबाचे जुने मिडफिल्डर सावियो मदेरा. त्याच डिसेंबरात दक्षिण आशियाई ‘सॅफ’ स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारताने अफगाणिस्तानला ४-० हरवलं. साळगावकरचेच बचावपटू डेरिक परेरा यांना पूर्ण सूत्रं मिळाली ती मुंबईत, आणि त्यांनी महिंद्र युनायटेडला २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकून दिली.

पुढे इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल आली. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे गोव्याचे क्लब जुन्या राष्ट्रीय आय-लीगमधून बाहेर पडले. गोव्याच्या फुटबॉलचं मोठं घर आता आयएसएलमधला एफसी गोवा, आणि तिथला बाक परदेशी प्रशिक्षकांचा. मिरांडा तिथेच प्रशिक्षकांच्या ताफ्यात होते.

२०२० मध्ये साखळीचे तीन सामने उरले असताना गोव्याचे स्पॅनिश प्रशिक्षक सर्जिओ लोबेरांना काढलं आणि संघ मिरांडांच्या हाती आला. सोबतीला तांत्रिक संचालक परेरा. हैदराबादला ४-१, मुंबईला ५-२, जमशेदपूरला ५-०. गोवा साखळीत अव्वल ठरला आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत जाणारा पहिला भारतीय क्लब बनला. उपांत्य फेरीत मात्र चेन्नईयिनने दोन सामन्यांत मिळून ६-५ असं रोखलं.

२०२३ मध्ये ओडिशा या आयएसएल क्लबाचे प्रशिक्षक जोसेप गोम्बाउ गेले. पुन्हा मिरांडा, पुन्हा हंगामी. २५ एप्रिलला कोळिकोडमध्ये बेंगळुरूला २-१ हरवून ओडिशाने सुपर कप जिंकला. त्याआधीचे दोन्ही सुपर कप स्पॅनिश प्रशिक्षकांच्या संघांनी जिंकले होते. एवढं करून ओडिशाने कायमचा प्रशिक्षक कोण नेमावा? लोबेरा!

मिरांडा मग कोलकात्याच्या मोहन बागानमध्ये स्पॅनिश प्रशिक्षक हुआन फेरांदोंचे सहायक झाले. जानेवारी २०२४ मध्ये फेरांदोंना नारळ मिळाला आणि सुपर कपपुरती जबाबदारी पुन्हा मिरांडांवर आली. १९ तारखेला ईस्ट बंगालकडून ३-१ अशी हार झाली. त्यानंतर बाकावर आले अंतोनिओ हबास. तेही स्पॅनिशच.